पवनचक्कीच्या पात्याला दात लावले तर आवाज थांबेल का?

प्रश्न : मोरजीला आमचं छोटं होमस्टे आहे, गच्चीवर लहान पवनचक्की बसवलीय. वारा वाढला की बारीक शिट्टी सुरू होते नि पाहुणे वैतागतात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीला मोठ्या चक्क्यांचा सूं सूं ऐकला होता, आणि आता पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दात लावलेले फोटो पाहिले. तसे दात चिकटवू का? — एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर : लगेच नको. आधी चक्की पूर्ण थांबवा, ब्रेक लावा आणि पात्याच्या मागच्या कडेवर, म्हणजे फिरताना मागे राहते त्या कडेवर, बोट फिरवून बघा. कड जाड, चपटी लागली तर शिट्टीचं मूळ बहुतेक तिथेच आहे, कारण अशा कडेच्या वरून नि खालून आलेला वारा आळीपाळीने भोवरे सोडतो, तेही ठरलेल्या तालात, म्हणून एकच सूर ऐकू येतो. कड निमुळती घासून घेतली की हा सूर बऱ्याचदा जातो. पण सगळी पाती सारखीच घासा हां, वजनात फरक पडला तर चक्की थरथरायला लागेल!

मोठ्या चक्कीचा सूं सूं वेगळा. पात्याला चिकटून वाहणाऱ्या हवेत लहानमोठे भोवरे असतात, मोकळ्या हवेत ते फारसा आवाज करत नाहीत, पण कड जिथे एकदम संपते तिथे त्यांच्या दाबाचा आवाज होऊन बाहेर पडतो, आणि टोकाजवळच्या भागात जास्त कारण तिथे वेग सगळ्यात जास्त. दातांमुळे कड तिरकी होते, भोवरा तिला एका क्षणात न भेटता हळूहळू ओलांडतो आणि वेगवेगळ्या जागचे आवाज एकमेकांना मारतात. ध्वनिशास्त्राचे अभ्यासक मायकल हाऊ यांनी १९९१ मध्ये याचं गणित मांडलं. घुबडाच्या पंखाची मागची कडही अशीच झालरीची असते, म्हणून ते उडताना कळतसुद्धा नाही.

नेदरलँड्समध्ये २.३ मेगावॅटच्या, ९४ मीटर व्यासाच्या चक्कीच्या एकाच पात्याला दात लावून, बाकीच्यांशी तुलना करून मोजलं, सरासरी ३.२ डेसिबल कमी भरलं (निष्कर्ष २००९ चे). म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्म्याहून कमी, पण कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. शिवाय दात वाऱ्याच्या दिशेशी वाकडे बसले तर वरच्या पट्टीतला आवाज उलट वाढतो, म्हणून घरी कापलेले दात मला पटत नाहीत.

तुमच्याकडे आजूबाजूला माड असतील तर आणखी एक गोष्ट बघा. झावळ्यांतून येणारा वारा आधीच घुसळलेला असतो, तो पात्याच्या पुढच्या कडेवर आपटून आवाज करतो, मग मागच्या दातांचा काय उपयोग? खांब माडांच्या वर गेला तर हा आवाज कमी होईल, वीजही जास्त मिळेल.

आणि रात्री कंट्रोलरमधून चक्कीचा वेग कमी ठेवता येतो का ते विक्रेत्याला विचारा. कडेच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते, त्यामुळे वेग १० टक्के उतरवला तरी दोनाहून जास्त डेसिबल वाचतात, म्हणजे त्या दातांच्या जवळपास, तेही काही न चिकटवता.