आपत्तीनंतर लोकांना सावरायला तंत्रज्ञान खरंच उपयोगी पडतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पूर-भूकंपानंतर लोकांना पुन्हा उभं राहायला तंत्रज्ञान कितपत कामी येतं, आणि प्रोग्रामिंग येणाऱ्याने त्यासाठी ॲप बनवावं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: शक्यतो बनवू नका. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात ॲपांचं पीक येतं आणि दोन महिन्यांनी त्यांतलं बहुतेक कुणी उघडूनही बघत नाही. घर बांधायला मात्र लोकांना वर्षं लागतात.

माझा स्वतःचा अनुभव नकाशांचा. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर, जगभरातले हजारो लोक घरबसल्या नकाशे काढत होते. त्यांत मीही होतो. अख्खा भाग चौकोनांत वाटलेला असतो. एक चौकोन आपण घ्यायचा, उपग्रहाच्या चित्रात दिसणारं प्रत्येक छप्पर कोपऱ्यांवर क्लिक करत आखायचं, पायवाटा ओढायच्या आणि 'झालं' अशी खूण करायची. पहिल्या रात्री मी गवताच्या गंज्याही घरं म्हणून आखल्या. तपासणाऱ्याने चौकोन परत पाठवला. त्याने लिहिलं होतं, आढ्याची रेघ दिसते का बघ, सावली कशी पडते ते बघ. त्यानंतर माझा वेग निम्म्यावर आला, पण चौकोन परत यायचे थांबले.

या कामाची मर्यादाही तिथेच कळली. वरून फक्त छप्पर दिसतं. भिंती खचून छप्पर अलगद खाली बसलं असेल, तर चित्रात घर ठणठणीत दिसतं. त्यामुळे रस्ता कुठे आहे, वस्ती किती आहे हे घरबसल्या सांगता येतं. घर राहण्याजोगं आहे का, हे दारात जाऊनच ठरवावं लागतं. नेपाळने पुढे तेच केलं. अनुदानाला कोण पात्र हे ठरवण्यासाठी टॅबलेट घेतलेली माणसं घरोघर गेली. प्रत्येक घराचे फोटो, जीपीएसची नोंद आणि नुकसानीची १ ते ५ अशी श्रेणी घेतली गेली. त्यावरून ३ लाख नेपाळी रुपयांचं अनुदान हप्त्यांनी मिळायचं होतं. आता विचार करा, श्रेणी एकने चुकली किंवा कुटुंबाची नोंदच राहिली, तर काय होईल? तशा तक्रारी तिथे ढिगाने आल्या. माझ्या मते पुनर्वसनातलं सगळ्यात महत्त्वाचं तंत्रज्ञान म्हणजे यादी आणि ती दुरुस्त करण्याची सोय. ड्रोनचे व्हिडिओ बघायला छान असतात, पण घराचा हप्ता अडतो तो यादीत नाव नसल्यामुळे.

यादी हे साधं प्रकरण नाही. एकाच बाईचं नाव एका छावणीत माहेरचं, दुसरीकडे सासरचं, तिसरीकडे ऐकून लिहिलेलं, स्पेलिंग भलतंच. संगणकाला त्या तीन बायका. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या प्रोग्रामरांनी 'सहाना' नावाची मुक्त प्रणाली उभी केली ती याच कटकटींसाठी: हरवलेली माणसं, छावण्या, कोणती संस्था कुठे काय वाटतेय याच्या नोंदी. वाटपाची नोंद नसली की एका गावात चादरींचे तीन ट्रक जातात आणि शेजारच्या गावात एकही पोचत नाही. जुनी नोंद बंद न करणं हाही तसलाच घोळ. सुटका झालेल्या माणसाचा 'वाचवा' हा मेसेज तीन-तीन दिवस फिरत राहतो आणि बोट रिकाम्या घराशी जाते.

उपग्रहांचंही थोडक्यात सांगतो. पुराच्या वेळी आभाळ भरलेलं असतं, साध्या कॅमेऱ्याला ढगांपलीकडचं दिसत नाही. सेंटिनेल-१ सारखे रडार उपग्रह मात्र ढगांतून आणि रात्रीही बघतात. शांत पाण्यावरून रडारची लहर दुसरीकडे निघून जाते, म्हणून पूर काळा दिसतो. दाट इमारतींमध्ये आणि झाडांखाली हा हिशोब गडबडतो. मोठ्या आपत्तीत अशी चित्रं पुरवण्यासाठी २००० सालापासून अवकाश संस्थांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, इस्रोही त्यात आहे.

तर तुम्ही काय करावं? कोबोटूलबॉक्स हे माहिती गोळा करायचे फॉर्म बनवण्याचं साधन शिका. नेटवर्क नसताना फोनवर फॉर्म भरता येतो आणि रेंज आली की तो वर जातो. टॉवर पडलेले, वीज गेलेली अशा ठिकाणी याच्यासारखं दुसरं सुख नाही. फॉर्म बनवताना प्रश्न कमी ठेवा. ज्याचं घर गेलंय त्याला चाळीस प्रश्न विचारणं बरं नाही, आणि विसाव्या प्रश्नानंतर तो काहीही ठोकून देतो. आधारचे आकडे, मुलींची माहिती वगैरे गरज नसताना गोळा करू नका. अशा याद्या नंतर कुठे फिरतात ते कुणाच्याच हातात राहत नाही.

आणि नकाशाचं काम आपत्तीची वाट न बघता आजच सुरू करता येतं. काठमांडूत तरुणांच्या एका गटाने भूकंपाआधीच शहराचा नकाशा काढायला घेतला होता, म्हणून पहिल्याच दिवशी हाताशी काहीतरी होतं. आखताना गवताच्या गंज्यांकडे तेवढं लक्ष ठेवा.