२२ दिवसांपूर्वीचं रक्त म्हणजे शिळं का?

प्रश्न : डॉक्टर, आईचं हिमोग्लोबिन ६.५ वर आलंय, ऑपरेशनआधी दोन पिशव्या चढवायला सांगितल्यात. काल पहिली आणली तर तिच्यावर रक्त काढल्याची तारीख २२ दिवसांपूर्वीची! माझा ग्रुप तोच आहे, माझं ताजं घ्या म्हटलं तर नको म्हणाले. पिशवी गारठलेली, शेजारच्या पेशंटच्या बाई म्हणाल्या गरम पाण्यात धर, मी नाही धरली. चुकलं का? उद्या दुसरी चढवायचीय.
– एक मुलगी, सातारा

उत्तर : नाही चुकलं ताई, उलट फार बरं केलंत. गरम पाण्यात पेशी फुटतात आणि फुटलेलं रक्त अंगात गेलं तर जिवावर बेतू शकतं. सावकाश चढवताना गार पिशवी चालते, भराभर खूप रक्त द्यायचं असेल तरच गरम करतात आणि तेही त्यासाठीच्या मशीनवर.

आता तारखेचं. आईला मिळतंय ते अख्खं रक्त नाही, लाल पेशी आहेत. दात्याचं ३५० किंवा ४५० मिली रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की लाल पेशी जड म्हणून तळाला बसतात, वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढतात, आणि खाली उरलेल्या पेशींत मीठ, ग्लुकोज, अ‍ॅडेनीन, मॅनिटॉल असलेलं सॅगम नावाचं पाणी घालतात, म्हणजे पिशवीत त्यांना खायला मिळत राहतं, आणि मग २ ते ६ डिग्रीला त्या ४२ दिवस टिकतात. सॅगम नसेल तर ३५. पेशी जुन्या होत जातात हे खरंय, पण तरी चढवल्यावर २४ तासांनी निदान ७५ टक्के पेशी रक्तात फिरत असल्या पाहिजेत, त्या हिशोबानेच ही मुदत ठरलीय. २०१६ मध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इस्रायल, अमेरिकेतल्या २० हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, त्यात ताजं रक्त मिळालेल्यांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. नवजात बाळाचं रक्त बदलताना मात्र आम्ही ताजंच शोधतो.

तुमचं नको म्हणाले तेही बरोबर. मुलीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, तिथेच तग धरतात आणि तिच्यावरच उलटतात, क्वचितच होतं पण झालं तर बहुतेक वेळा पेशंट हाती लागत नाही. म्हणून जवळच्या नात्यातलं रक्त रेडिएशन दिल्याशिवाय चढवत नाहीत. तुम्हाला द्यायचंच असेल तर खुशाल द्या, हिमोग्लोबिन १२.५ हवं, ते दुसऱ्या कुणाच्या आईला जाईल.

उद्या पिशवी लागायच्या वेळीच आणा, आधी आणून वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढून अर्धा तास होऊन गेला तर ब्लड बँक ती परत घेत नाही, आणि ४ तासांत पूर्ण चढली पाहिजे. त्याच नळीतनं सलाईन म्हणून ग्लुकोज जाऊ देऊ नका, नुसतं नॉर्मल सलाईन चालतं. पहिली १५ मिनिटं आईजवळच बसा. थंडी, ताप, कंबरेत कळ, धाप, काहीही वाटलं तर लगेच सिस्टरना हाक मारा, त्या नळी बंद करतील, आणि ती पिशवी कुणालाही टाकू देऊ नका, ब्लड बँकेला तपासायला लागते.