मेडल एकाला की अख्ख्या पलटणीला?

प्रश्न : माझा भाचा फौजेत आहे, चतुर्थीला आला तेव्हा सांगत होता की त्यांच्या पलटणीला लष्करप्रमुखांचं युनिट सायटेशन मिळालं. आई लगेच विचारते, मग तुझं मेडल दाखव बघू! तो नुसता हसला. म्हणजे नेमकं काय मिळतं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आईंना सांगा, मेडल एका माणसाचं असतं आणि सायटेशन, म्हणजे अख्ख्या तुकडीच्या कामगिरीचं सन्मानपत्र, सगळ्यांचं, त्यात लंगरवाला (स्वयंपाकी) पण आला आणि ट्रकचा ड्रायव्हर पण. आपल्याकडे ही सायटेशन्स साधारण १५ जानेवारीच्या आर्मी डेला दिली जातात. लढाईतल्या कामगिरीचा मान वेगळा, त्याला बॅटल ऑनर म्हणतात, १९७१ च्या युद्धासाठी १ मराठा लाइट इन्फन्ट्रीला, म्हणजे आपल्या जंगी पलटणीला, 'जमालपूर' (आजच्या बांगलादेशातलं, ते लढले ते ठिकाण) हा मान मिळाला ना, तेच ते.

अमेरिकेत १९४२ पासून प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन आहे, त्यांच्या आर्मीत ती निळी, सोनेरी चौकटीची रिबन उजव्या छातीवर लावतात. त्यातली मजा म्हणजे लढाईत जे होते ते ती कायमची लावतात, आणि नंतर भरती झालेला पोरगाही लावतो, पण त्या युनिटमध्ये असेपर्यंतच, बदली झाली की काढायची! मला हे फार आवडतं.

आणि लांब कशाला, ६ सप्टेंबर २०२१ ला आपल्या दाबोळीच्या आयएनएस हंसावर राष्ट्रपतींनी नौदलाच्या हवाई शाखेला निशाण, म्हणजे मानाचा ध्वज, दिलं, तेही अख्ख्या शाखेलाच की.