केनचा सौदा बफेलोने हरण्यासाठीच केला होता का?

प्रश्न असा आहे की २०१५ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या बफेलो सेबर्स संघाने इव्हँडर केन या खेळाडूला आणलं ते शेवटचा क्रमांक पक्का करायलाच का; कारण नवे तरुण खेळाडू निवडताना तळाच्या संघाला झुकतं माप मिळतं. तो हंगाम मी जवळजवळ रोज पाहिला आहे. माझं मत सांगतो : केनसाठी हा सौदा झाला नसता तरी त्या संघाची अवस्था फारशी वेगळी नसती. हरण्याची खरी सोय झाली ती गोलरक्षकांच्या सौद्यांतून.

सौदा झाला ११ फेब्रुवारीला. बफेलोने विनिपेगला टायलर मायर्स, ड्रू स्टॅफर्ड, दोन होतकरू पोरं आणि पहिल्या फेरीतली एक निवड (म्हणजे नवा खेळाडू निवडायची एक पाळी) दिली. त्या बदल्यात केन, झॅक बोगोसियन आणि एक तरुण गोलरक्षक आले. केनच्या खांद्यावर तेव्हा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, म्हणजे त्या हंगामात तो बर्फावर उतरणारच नव्हता. रोज खेळणारे दोघे द्यायचे आणि न खेळू शकणारा घ्यायचा, हे पाहून कुणालाही शंका येणारच. पण केन २३ वर्षांचा होता आणि एका हंगामात ३० गोल करून दाखवलेला. असा खेळाडू धडधाकट असता तर विनिपेगने सोडला असता का? शिवाय बफेलो त्याआधीच सलग १४ सामने हरून बसली होती. तिला बुडवायला केन लागत नव्हता.

आता त्याच दिवशीचा दुसरा सौदा बघा. गोलरक्षक योनस इनरॉथ डॅलसला गेला आणि तिथे सपाटून मार खाल्लेला अँडर्स लिंडबॅक आला. २ मार्चला मिखाल नॉयविर्थही न्यूयॉर्क आयलंडर्सला देऊन टाकला, आणि तो तर तेव्हा चांगला खेळत होता. तीन आठवड्यांत दोन्ही गोलरक्षक बाहेर! इथे मला दुसरा अर्थ लावताच येत नाही.

यामागे होता नियम. त्या वर्षी तळाच्या संघाला निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिल्या निवडीची शक्यता २० टक्केच होती, पण तो दुसऱ्या क्रमांकाच्या खाली घसरू शकत नव्हता. त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंत सगळ्यांचा डोळा दोघांवर होता. म्हणजे कॉनर मॅकडेव्हिड नाही मिळाला तर जॅक आयकल हातात नक्की. शेवटी बफेलोचे गुण ५४ आणि तळातून दुसऱ्या ॲरिझोनाचे ५६. एका विजयाचे गुण दोन, तेव्हा किती थोडक्यात हे जमलं ते बघा. लॉटरी एडमंटनला लागली, बफेलोला आयकल मिळाला, आणि तो तिथे होता तोवर संघ एकदाही प्लेऑफमध्ये पोहोचला नाही. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि तळाचा संघ चौथ्या क्रमांकापर्यंत घसरू शकेल असं ठरलं.

२६ मार्चचा बफेलो-ॲरिझोना सामना मी टोरांटोजवळच्या घरी टीव्हीवर पाहत होतो. ओव्हरटाइममध्ये गोल झाला आणि प्रेक्षक उसळले. मला वाटलं, बफेलो जिंकली. मग पडद्यावर पांढऱ्या जर्सीतले पाहुणे एकमेकांना मिठ्या मारताना दिसले. गोल ॲरिझोनाच्या सॅम गान्येचा होता आणि टाळ्या बफेलोच्या घरच्या प्रेक्षकांच्या होत्या. निळ्या जर्सीतली पोरं खाली मान घालून आत गेली. मला ते बघवलं नाही, आजही आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून ‘टीम मुद्दाम हरली’ असं म्हणताना त्यात खेळाडूंना धरू नका. पुढच्या मोसमात आपली जागा राहील की नाही याची धास्ती असलेला कोण मुद्दाम हरेल? ज्याच्या भरवशावर हरायचं म्हणून लोक बोलत होते, त्या लिंडबॅकची गोल अडवण्याची टक्केवारी बफेलोत आल्यावर इनरॉथपेक्षा सरस होती. आणि त्या टाळ्यांनंतर चारच दिवसांनी हाच संघ ॲरिझोनात जाऊन त्याच ॲरिझोनाला हरवून आला.