न्यूझीलंडमध्ये घरामागच्या बागेत एकच मधपेटी आहे, तरी फाउलब्रूड या रोगासाठीची लेव्ही (सक्तीची वर्गणी) भरावी लागते का?

हो, भरावी लागते. मध विकत असा किंवा नुसता घरात खात असा. १९९३ च्या बायोसिक्युरिटी कायद्याखाली तिथे १९९८ पासून ‘अमेरिकन फाउलब्रूड’ हा मधमाश्यांच्या अळ्यांना जिवाणूमुळे होणारा रोग संपवण्याची राष्ट्रीय योजना चालू आहे. तिचा खर्च मधपाळांच्या लेव्हीतून निघतो: दर मधपाळामागे एक ठरावीक रक्कम, शिवाय माश्यांच्या दर वसाहतीमागे थोडी. नोंदणी, तपासनीस, प्रशिक्षण हे सगळं त्यातच. एका पेटीवाल्याला सूट का नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण या जिवाणूचे बीजाणू जुन्या चौकटींत आणि रिकाम्या पेटीत कित्येक दशकं तग धरतात. रोगाने दुबळी झालेली वसाहत शेजारच्या माश्या लुटतात आणि मधाबरोबर बीजाणूही घरी नेतात. तुमच्या बागेतली एक दुर्लक्षित पेटी आसपासच्या धंदेवाईक मधपाळाला चांगलीच महागात पडू शकते.

मात्र लेव्ही म्हणजे विमा नव्हे. रोग सापडला तर सात दिवसांत कळवायचं, वसाहत मारून पेटीसकट जाळायची, आणि भरपाई शून्य. प्रतिजैविक देऊन रोग दाबायला तिथे बंदीच आहे, कारण औषधाने बीजाणू मरत नाहीत, फक्त लक्षणं लपतात. म्हणून पोळ्यातल्या अळ्यांच्या, मेणाने झाकलेल्या घरांवर नजर ठेवा: टोपण खचलेलं किंवा भोक पडलेलं दिसलं की आत काडी खुपसून हळूच ओढा. तपकिरी, चिकट तार निघाली तर संशय पक्का समजा आणि लगेच कळवा.