लक्ष लागत नाही, पण कुठे आणि कधीपासून?

‘घरी समजावून सांगितलं की येतं, वर्गात मात्र काही डोक्यात शिरत नाही. लक्ष कसं लागेल?’ नववी-दहावीच्या मुलांचे आईवडील हा प्रश्न घेऊन येतातच. मुलं तेच त्यांच्या भाषेत सांगतात, ‘मॅडम, तास इतका बोअर होतो, करू तरी काय?’ या प्रश्नाला साताऱ्यातल्या एका मुलीच्या अनुभवातून उत्तर देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मुक्ता म्हणू.

मुक्ता नववीत, मराठी माध्यमात. आठवीपर्यंत गुण बरे होते, पण सहामाहीत भूमिती आणि इतिहास घसरले. पालकसभेत वर्गशिक्षिकांनी आईला तिची वही दाखवली. समासभर वेलबुट्ट्या आणि मधला मजकूर अर्धवट सोडलेला. आई माझ्याकडे आल्या आल्या म्हणाल्या, ‘मॅडम, रोज सांगते हिला, लक्ष दे, लक्ष दे. ढिम्म फरक नाही.’ मुक्ता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती.

रोज तेच ऐकून मुलं अशीच गप्प होतात. ‘लक्ष दे’ म्हटल्यावर नेमकं काय करायचं हे त्यांना कळत नाही, आणि जमत नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे असं ती धरून चालतात. म्हणून मी आधी मुक्ताला सांगितलं, की काही तास खरोखरच कंटाळवाणे असतात आणि तसं वाटण्यात तुझा काही गुन्हा नाही. तेव्हा कुठे तिने मान वर केली.

मग नेहमीची विचारपूस. फळ्यावरचं दिसतं का? चष्म्याचा नंबर असूनही वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात न आलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. झोप किती होते? तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रात्री 8 ते 10 तास झोप लागते. मुक्ताची जेमतेम साडेसहा तास होत होती, कारण घरातला टीव्ही अकराशिवाय बंद होत नसे. आईंना एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा असलेल्या विकाराची, धास्ती होती. त्यांना म्हटलं, ‘ताई, त्याची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसावी लागतात, आणि शाळेत, घरी, खेळताना, अशी एकाहून अधिक ठिकाणी.’ मुक्ताच्या प्राथमिक शाळेच्या प्रगतिपुस्तकांत तसं काही नव्हतं, घरीही नव्हतं. मात्र ‘आमचा मुलगा मोबाइलवर तासभर एकाग्र असतो, म्हणजे त्याला एडीएचडी नसणार’ असं पालक म्हणतात, तेही बरोबर नाही. आवडीच्या कामात ही मुलंसुद्धा गढून जातात. शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडून किंवा बालविकासाच्या डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी.

मुक्ताला मी एक साधं काम दिलं. तासाला मन भरकटलंय हे लक्षात आलं, की वहीच्या शेवटच्या पानावर एक टिंब द्यायचं आणि त्या क्षणी कानावर पडलेला शब्द पुढे लिहायचा. स्वतःवर चिडायचं नाही, परत ऐकायला लागायचं.

पुढच्या भेटीला तिने ते पान आणलं. भूमितीच्या तासापुढे लिहिलं होतं: ‘संगत’, ‘छेदिका’, ‘व्युत्क्रम’, पुन्हा ‘संगत’. इतिहासापुढे: ‘दुसरी योजना’, ‘तिसरी योजना’, ‘चौथी योजना’, आणि त्यापुढे नुसतीच टिंबं. विज्ञानापुढे जवळजवळ काही नव्हतं. म्हणजे पोरीचं लक्ष सगळीकडे उडत नव्हतं. ते दोन तासांना उडत होतं, आणि दोन अगदी वेगळ्या कारणांनी.

भूमितीत तिला कंटाळा येत होता कारण तिला कळत नव्हतं. समांतर रेषा आणि छेदिका आठवीतच येऊन गेल्या होत्या, पण त्या दिवसांत ती कावीळ होऊन घरी होती. आता सर ‘संगत कोन समान, म्हणून’ असं म्हणत पुढे सरकले, की तिचा दोर तिथेच तुटायचा. उरलेली पंचवीस मिनिटं परक्या भाषेत चाललेलं बोलणं ऐकल्यासारखी जायची. अशा वेळी मन वेलबुट्टीत रमलं तर त्यात नवल काय? यावर एकाग्रतेचे व्यायाम देऊन उपयोग नव्हता. आठवीचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. त्यातला तेवढाच पाठ, रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं, मामेभावाबरोबर बसून करायचा असं ठरलं.

इतिहासाचं उलट होतं. बाई पुस्तकातले परिच्छेद वाचून दाखवायच्या. ते तर मुक्ताला स्वतःला वाचता येत होते, त्यामुळे ऐकण्याला काही कारणच उरत नव्हतं. (बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. साठ मुलांचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास आणि पोर्शन संपवायचा धाक, यात शिकवणाऱ्याचाही जीव मेटाकुटीला येतो.) इथे मी तिला सांगितलं, की आदल्या रात्री उद्याच्या भागाचे फक्त मथळे बघ आणि तुला स्वतःला पडलेला एक प्रश्न वहीच्या डोक्याशी लिहून जा. तासाला त्याचं उत्तर शोधायचं, एवढंच. परीक्षेत येईल असा प्रश्न नको, तुला खरंच पडलेला हवा.

पाठ ‘आर्थिक विकास’ होता. पंचवार्षिक योजनांवर तिला एकही प्रश्न पडेना. मग तिने लिहिलं, ‘बँका सरकारने स्वतःकडे का घेतल्या?’ 19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तो भाग. दुसऱ्या दिवशीचा मथळा होता गिरणी कामगारांचा संप. तो वाचताना तिला आठवलं, की आपले आजोबा परळला गिरणीत होते. साताऱ्याकडची किती माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबली, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. आजोबांना विचारल्यावर ते जेवण सोडून बोलत राहिले: जानेवारी 1982, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि महिनोन्‌महिने पगार नसल्यावर गावाकडे परतणं. वर्गात तो भाग आला तेव्हा मुक्ताने हात वर केला, ‘बाई, माझे आजोबा होते त्या संपात.’ बाईंनी पुस्तक मिटून तिला बोलायला लावलं. त्या तासाला शेवटच्या पानावर एकही टिंब नव्हतं.

प्रत्येक पाठात घरचे आजोबा सापडत नाहीत, हे मला कळतं. पण स्वतःचा प्रश्न घेऊन बसलेलं मूल आणि नुसतं बसवलेलं मूल यांच्या ऐकण्यात फरक पडतो, हे मी पुन्हा पुन्हा बघते आहे.

वेलबुट्टीचं काय, असं आईंनी विचारलंच. जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंटाळवाणा फोन-संदेश ऐकताना कागदावरचे आकार रंगवत बसलेल्यांना, नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा 29 टक्के अधिक आठवलं. ती मोठी माणसं होती आणि काम साधं होतं, त्यामुळे वर्गात निवांत चित्र काढायला ही परवानगी समजू नये. मुक्ताला मी म्हटलं, समासात चौकटी भर, पण डोळे-नाक असलेली चित्रं नकोत, ती सगळं मन ओढून घेतात. आणि तास संपल्यावर वही मिटून, बाई नेमकं काय म्हणाल्या ते दोन ओळींत आठवून लिही. आठवलं नाही तरी चालेल, मग उघडून बघ. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून बघितलेलं जास्त दिवस टिकतं, हे प्रयोगांतून नीट सिद्ध झालं आहे.

घरी टीव्ही दहाला बंद होऊ लागला. यावरून बाबांशी थोडी कुरबूर झाली, आईंनी ती निभावली. भूमितीची गाडी वार्षिकपर्यंत रुळावर आली, इतिहासात गुण थोडेच वाढले. शनिवारच्या शेवटच्या तासाला मुक्ता अजूनही पेंगते, आणि तो एक तास आम्ही सोडून दिला आहे. त्या तासाला तिने फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि न कळलेल्या जागी खूण करून सोमवारी मैत्रिणीला विचारायचं, इतकंच ठरलंय. आईंनी दहावीसाठी क्लास लावू का विचारलं, तेव्हा मी त्यांना आधी तिच्या शेवटच्या पानावरची टिंबं बघायला सांगितली. ज्या विषयापुढे ती दाटी करून आहेत, त्यापुरता विचार करा, सरसकट सगळ्या विषयांचा नको.