भयकथेतली चूक पटेल अशी कशी दाखवावी?

प्रश्न: भ्रूणाची जनुकं बदलण्याच्या प्रयोगावर भयकथा लिहितोय. जन्मलेलं मूल एका रात्रीत राक्षस होतं. हे पटेल का?

उत्तर: नाही पटणार. राक्षस आधी काढून टाका. खरी भीती प्रयोगशाळेतल्या छोट्या चुकीत आहे. क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्रातला मार्गदर्शक आरएनए (वाट दाखवणारा रेणू) डीएनएची साधारण २० अक्षरं जुळवून जागा शोधतो. एखाददुसरं अक्षर जुळलं नाही तरी कॅस-९ हे कात्रीसारखं प्रथिन भलत्याच जनुकात काप घालू शकतं. पेशी तो काप घाईने सांधते, दोनचार अक्षरं गळतात आणि जनुक निकामी होतं.

कथेसाठी याहून भारी चूक म्हणजे मिश्र भ्रूण. पेशी दुभंगायला लागल्यावरही ही कात्री चालू राहिली, तर काही पेशी बदलतात, काही जुन्याच राहतात. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून चाचणीला मोजक्याच पेशी काढतात. त्या निर्दोष, अहवाल स्वच्छ, खाली सही. आणि दोष उरलेल्या पेशींत! हा प्रसंग सावकाश लिहा. २०१८ मध्ये चीनमध्ये जनुकं बदललेल्या भ्रूणांतून जन्मलेल्या जुळ्या मुलींबाबत तज्ज्ञांना हीच धास्ती वाटली होती.

कर्करोगाच्या गाठी रोखणारं टीपी५३ जनुक तुटलेलं दाखवलंत, तर लक्षणं कित्येक वर्षांनी उगवली तरी चालतील.